आधी गळती शोधा, मग बोला

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज आम्ही आमच्या बचत गटांच्या गाडीची गोष्ट सांगणार आहोत. त्यात आमची एक चूक आहे, तीही सांगणार आहोत.

आमच्या गटांनी मिळून एक जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. हळद, तिखट, शेवया, डाळ घेऊन परभणीच्या बाजाराला जायचं. गाडी आमच्यातलीच एक ताई चालवते. मागच्या वैशाखात गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. दार उघडलं की भपकारा! मागं बसणाऱ्या बायांचं डोकं दुखायचं. एका गिऱ्हाईकानं वास येतो म्हणून शेवया परत केल्या. मग बैठकीत कुजबूज सुरू झाली, "ताई सीटखाली कॅन ठेवत असंल, पेट्रोल विकत असंल." कुणी काही पाहिलं नव्हतं. ताईनं गाडीची चावी रजिस्टरवर ठेवली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. म्हणलं, "चल, आधी गाडी दाखवू." परभणीच्या एका गॅरेजात गेलो आणि तिथं जे शिकलो ते ऐका.

कापराच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की कापूर उडून जातो. पेट्रोलचंही तसंच. आपल्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की टाकीत वाफ जास्त धरते. ती बाहेर सुटू नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ पाइपातून डब्यात येते, कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, वाफ इंजिनात ओढली जाते आणि तिथं जळते. या वाटेवर कुठं भेग पडली की वाफ बाहेर, आणि वास आत.

शोधायचं कसं? सोप्यापासून सुरुवात करायची.

पहिलं, टाकीचं झाकण. आतली रबरी कडी कडक झाली का, चिरली का, हे बघा. टकटक आवाज होईपर्यंत फिरवता का? आमची कडी चिरलेली होती. झाकण बदललं, वास कमी झाला, पण गेला नाही.

दुसरं, गाडीखाली बघा. ओलं दिसलं, थेंब पडताना दिसला, तर ती वाफ नाही, पेट्रोलच गळतंय. गाडी चालवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

तिसरं, रबरी पाइप. उन्हानं तडकतात, उंदीर कुरतडतात.

चौथं, पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना तो बंदच हवा. उघडा अडकला तर पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर चालू होत नाही, जागेवर उभी असताना गचके देते. हे काम मेकॅनिकचं.

तरी सापडलं नाही, तर मेकॅनिक यंत्रानं या पाइपांमध्ये हलक्या दाबानं धूर सोडतो. जिथून धूर निघतो तिथं भोक. आमच्या गाडीत टाकीकडून डब्याकडे जाणाऱ्या पाइपातून धूर निघाला. बोटभर लांब चीर!

मेकॅनिकनं डबा हलवून बघितला आणि विचारलं, "टाकी काठोकाठ भरता का?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. पंपाची नळी आपोआप बंद झाली तरी "अजून टाका" म्हणायचा हट्ट आमचाच होता. ताई नको म्हणायची. जास्तीचं पेट्रोल डब्यात शिरतं आणि कोळसा निकामी होतो. मग डबाही बदलावा लागला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही.

आम्ही विचारलं, "पण पीयूसी तर आहे की!" मैत्रिणींनो, पीयूसीची नळी सायलेन्सरात घालतात. तिथं धूर मोजला जातो, टाकीची वाफ नाही. वाफ मोजायला गाडी बंद खोलीत ठेवावी लागते. नव्या मॉडेलची तशी तपासणी होते, पुण्याच्या एआरएआय संस्थेत अशी सोय आहे. आपल्या जुन्या गाडीला आपलं नाकच.

म्हणून वास अंगवळणी पाडून घेऊ नका. पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असतं, ते रोज हुंगत राहणं वाईट. वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, एका ठिणगीनं पेटते. वास आला की दारं उघडा, सगळ्यांना उतरवा. भोक शोधायला काडी ओढू नका. टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरू नका. पाइपाला तोंड लावू नका.

शेवटचं. ज्या बैठकीत ताईवर बोट दाखवलं, तशाच भरल्या बैठकीत आम्ही तिची माफी मागितली आणि रजिस्टरात तसं लिहिलं. चावी तिच्या हातात दिली. ती लगेच हसली नाही. तिच्या मनाला लागलेलं भरायला वेळ लागणारच. पण दुसऱ्या सोमवारी गाडी बाजाराला निघाली आणि पंपावर नळी पहिल्यांदा थांबली तेव्हा आम्ही सगळ्याजणी एकदम म्हणालो, "बस झालं!" तेव्हा मात्र ताई हसली.

तुमच्या गटातही कुठं वास येत असेल, हिशोबात असो की गाडीत, आधी गळती शोधा.