बदली तापमापक कसा निवडावा?



अर्धापूरच्या केळीवर नांदेडचा मोठा व्यापार चालतो. केळी पिकवण्याच्या खोलीत साधारण १६ ते १८ अंश सेल्सियस राखावे लागतात. १३ अंशांखाली साल काळवंडते, ऊब वाढली की गर मऊ पडतो. हे मोजणारी चिप असते हरभऱ्याच्या दाण्याएवढी, तीन पायांची. ती बिघडली तर नवी कोणती आणावी, हा आजचा प्रश्न.

गिरणीत बदली कामगार घेताना मुकादम आधी विचारी, कोणत्या खात्यातला? साच्यावरचा विणकर सूतखात्यात लावून भागत नसे. चिपचेही तसेच आहे.

डीएस१८बी२० आणि डीएस१८एस२० या दोन भावंडांचे पाहा. पाय तीनच, पल्लाही तोच, उणे ५५ ते १२५ अंश. परंतु १६ अंशांना पहिली २५६ हा आकडा कळवते, दुसरी ३२. पहिलीच्या आकड्याला १६ ने भागायचे, दुसरीच्या २ ने. पहिलीसाठी बांधलेल्या यंत्राला दुसरी जोडली आणि यंत्राने तिची कुळखूण तपासली नाही, तर १६ अंशांची खोली २ अंशांची दिसेल. यंत्र गारवा सुरूच करणार नाही. केळी स्वतःच्या उष्णतेने बिघडतील आणि ठपका येईल रात्रपाळीच्या माणसावर!

म्हणून दुकानात चार गोष्टी विचारा. चिप एका तारेवर बोलते, की एलएम७५ सारखी दोन तारांवर? तिच्या आकड्याचा अर्थ काय? वीजदाब किती सोसते? ३.६ व्होल्टपर्यंतची टीएमपी१०२ ही ५ व्होल्टांवर लावता येत नाही. आणि चूक किती? बी२० ची उणे १० ते ८५ अंशांत अर्धा अंश, एलएम७५ ची दोन अंशांपर्यंत. लातूरच्या दवाखान्यात लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. तिथे दोन अंशांची चूक लस गोठवू शकते.

बाजारात बी२० च्या नकलाही पुष्कळ आहेत. तेव्हा नवी चिप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फाचा चुरा आणि पाणी यांत बुडवा. शून्याच्या अर्ध्या अंशात आकडा आला नाही, तर ती परत करा. ही परीक्षा कामगारासमोर करा आणि वहीत तारखेनिशी लिहा.

नुकसानीपोटी वेतन कापण्यापूर्वी कामगाराला म्हणणे मांडू द्यावे, हे तत्त्व १९३६ च्या कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. त्या वेळी ही वहीच त्याची साक्ष होईल.