मीठ, साखर आणि त्यांच्यातले बंध

मीठ आणि साखर यांच्या बरण्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी असतात. दोन्ही पांढरी, दोन्ही स्फटिकरूप, दोन्ही पाण्यात चटकन विरघळणारी. त्यामुळे कधी ना कधी कुणाच्या तरी हातून चहात मीठ पडतंच. पण रसायनशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर इतके वेगळे पदार्थ शोधून सापडायचे नाहीत.

लोखंडी पळीत चिमूटभर साखर घेऊन गॅसवर धरा. ती वितळते, सोनेरी होते आणि शेवटी काळी पडते. मीठ मात्र फक्त तडतडतं. ती तडतड त्याच्या कणांत अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे होते. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं.

असं का? मिठात सोडियम आणि क्लोरीन असतात. सोडियम हा पाण्यात टाकताच पेटणारा धातू, तर क्लोरीन हा १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर विषारी वायू म्हणून वापरला गेलेला. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि दोघांचाही दाहक स्वभाव संपतो. हे भारित कण म्हणजे आयन. मिठाच्या खड्यात असा प्रत्येक आयन विरुद्ध भाराच्या सहा आयनांनी वेढलेला असतो. ही पकड सर्व बाजूंनी असल्यामुळेच ती सोडवायला एवढी उष्णता लागते. हा आयनिक बंध.

साखरेत देणंघेणं नाही, भागीदारी आहे. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे ४५ अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एक रेणू बनवतात. हा सहसंयुज बंध. रेणूच्या आतली बांधणी पक्की, पण शेजारच्या रेणूशी नातं बेताचंच. म्हणून थोड्या उष्णतेनं साखरेचा खडा ढासळतो. मात्र सहसंयुज पदार्थ म्हणजे मऊ, लवकर वितळणारा, असं जे मुलं पाठ करतात, ते मला पटत नाही. हिऱ्यात हाच बंध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतो आणि हिऱ्याइतकं कठीण दुसरं काही निसर्गात सहसा मिळत नाही. तांब्याची गोष्ट तिसरीच. तिथे काही इलेक्ट्रॉन साऱ्या अणूंच्या सामाईक मालकीचे असतात, म्हणून तांबं वीज वाहतं आणि ठोकलं तरी फुटत नाही, पसरतं.

आता पाण्याकडे वळू. मीठ विरघळतं तेव्हा त्याचे आयन सुटे होतात. साखरेचा रेणू अख्खाच राहतो. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज जाते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ जात नाही. (घामानं ओल्या हातानं विजेचं बटण दाबू नये, ते यासाठीही.) वजनाचा हिशेब केला तर गंमत दिसते. एक ग्रॅम मीठ पाण्यात जितके कण सोडतं, ते एक ग्रॅम साखरेच्या जवळजवळ बारापट असतात.

हा हिशेब आपल्या आतड्याला फार चोख कळतो. जुलाबात शरीरातलं पाणी आणि सोडियम दोन्ही वाहून जातात. नुसतं पाणी पाजून भागत नाही. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलं. त्यांच्यामागोमाग पाणी जातं. आपल्या साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एका बंधानं जोडलेले असतात. पाण्यात न तुटणारा हा बंध आतड्यातलं विकर तोडतं आणि ग्लुकोज मोकळं करतं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं. शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. डॉ. महालनबिस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

या द्रावणात कणांची संख्या रक्तापेक्षा जास्त झाली, तर आतडं पाणी शोषण्याऐवजी उलट बाहेर सोडतं. म्हणूनच २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सूत्र बदललं. लिटरमागे मीठ ३.५ ग्रॅमवरून २.६ ग्रॅमवर आणि ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणलं. लहान मुलाला जुलाब होत असताना गोड शीतपेय देणं घातक ठरतं ते याच कारणानं.

शक्यतो औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडीच वापरावी आणि तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण रिकामी करावी. ती हाताशी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा छोटा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका, विशेषतः मिठाचा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी होईनाशी झाली, तर द्रावण पाजत पाजतच त्याला दवाखान्यात न्या.