मुलाच्या हातांत काय देतां?



सुताराचें पोर घरीं चार काटक्या बांधून खोपट उभें करतें, आणि तेंच शाळेंत गेलें कीं मठ्ठ ठरतें. हें कसें? आमचें स्पष्ट म्हणणें असें कीं पोर मठ्ठ नाहीं. शाळेनें त्यास हाताची घडी घालून बसविलें आहे.

आज रात्रीं घरीं एवढें करून पाहा. सायकलच्या दुकानांतून बारीक वाल-ट्यूब आणा, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. आगकाड्यांचा गूल खरवडून टाका. तुकड्यांच्या टोकांत काड्या खोंचून एक त्रिकोण व एक चौकोन जुळवा आणि मुलाच्या हातीं द्या. चौकोन दाबला कीं कलतो. त्रिकोण आकार सोडीत नाहीं. कां, तें सांगूं नका. चौकोन ताठ कसा करशील, एवढेंच विचारा. पोर तिरपी काडी घालूं जाईल, ती आंखूड पडेल, मग तें केरसुणीची लांब काडी शोधून आणील. हें आंखूड पडणेंच खरा धडा. तुम्ही मोठी काडी आधींच पुढें केलीत तर तो बुडाला. दुसऱ्या दिवशीं फाटकाच्या तिरप्या पट्टीकडे व छपराच्या कैचीकडे पोर निराळ्या नजरेनें पाहील.

हा खेळ अरविंद गुप्ता यांचा. १९७८ सालीं पुण्याच्या टेल्कोंतून वर्षाची रजा घेऊन ते मध्यप्रदेशांत होशंगाबादेकडे गेले, तेथें तो जुळला. त्या जिल्ह्यांत १९७२ सालीं १६ शाळांत विज्ञान प्रयोगानें शिकविणें सुरू झालें व पुढें शेंकडों शाळांत पसरलें. पुस्तकांत तयार उत्तरें नव्हतीं, प्रयोग व प्रश्न होते. परीक्षेस पुस्तक उघडून बसावयाची मुभा होती. घोकलेलें विचारावयाचेंच नव्हतें, मग पुस्तक झांकावयाचें कशाला? २००२ सालीं सरकारनें तें काम बंद केलें.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलेला शिक्षक वेळप्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरणारा होता. आज कित्येक शाळांत प्रयोगाचें सामान आहे, पण फुटेल म्हणून तें कुलुपांत आहे.

घरींही तेंच. बी उलटें पडलें तर कोंब खालीं जाईल का, असें पोरानें विचारलें कीं 'गप बैस' हें उत्तर. त्याऐवजीं वालाचे चार दाणे ओल्या फडक्यांत चार तऱ्हांनीं ठेवूं द्या, रोज पाहूं द्या.

पालकसभेस जाल तेव्हां गुण मागाहून विचारा. आधीं गुरुजींना विचारा, या महिन्यांत आमच्या पोरानें स्वतःच्या हातानें काय करून पाहिलें? आणि कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, हेंही विचारा.