सरांचं घड्याळ
(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचा छंद' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी घड्याळं दुरुस्त करतो अशी बातमी पसरल्यामुळे सकाळपासून तिघांनी आपली बंद घड्याळं माझ्या खिशात घातली. बघतो मी ती. पण खरं सांगायचं तर मी नीट दुरुस्त केलेलं घड्याळ आजवर एकच आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ती ऐकून घ्या, मग जेवणाच्या वेळी काय बोलायचं ते बोला.

फेब्रुवारी १९८५. आपला निरोप समारंभ. वर्गशिक्षकांना, म्हणजे आपल्या सरांना, मनगटी घड्याळ द्यायचं ठरलं. वर्गणी जमली ३५१ रुपये. कुणाचे दोन रुपये, कुणाचे पाच. माझे मामा मुंबईला, म्हणून घड्याळ आणायचं काम माझ्याकडे आलं. एचएमटी 'जनता' आणायचं, हे वर्गात हात वर करून ठरलेलं. मी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो तेव्हा माझ्याही मनात तेच होतं.

पण ते दिवस 'फॉरेन'च्या वस्तूंचे होते. किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्याला 'माल उतरला' या शब्दांचा अर्थ कुणी समजावून सांगायला लागत नसे. क्रॉफर्ड मार्केटजवळ फुटपाथवरच्या एका माणसाने रुमालातून घड्याळ काढलं. डायलवर जपानी कंपनीचं नाव, चकचकीत केस. म्हणाला, कालच उतरलंय. १८० रुपये. मी ते घेतलं. उरले १७१. त्यात मी बूट घेतले, दोन सिनेमे पाहिले, बाकीचे असेच गेले. परत येऊन सांगितलं की जपानी घड्याळ मिळालं आणि ३५१ पूर्ण लागले. पावती कुणी मागितली नाही. फॉरेनच्या मालाची कसली पावती? उलट तुम्ही सगळ्यांनी माझी पाठ थोपटलीत. बूट मामांनी दिले, असं मी सांगितलं होतं.

घड्याळ नकली आहे हे मला विकत घेतानाच कळलं होतं का? कळलं होतं, पण मी तिकडे बघितलं नाही.

आता दोन वर्षांपूर्वीचं. अलिबागच्या एसटी स्टँडवर सर भेटले. मनगटावर तेच घड्याळ, काटे पावणेचारवर थांबलेले. सर म्हणाले, "बंद आहे रे. सवय म्हणून घालतो. दुकानात आता फक्त सेल बदलून देतात, हे चावीचं." मी म्हटलं, "द्या सर, मी करून आणतो." माझ्या तोंडून ते कसं निघालं कुणास ठाऊक. आयुष्यभर मी हिशेबाच्या वह्या लिहिल्या, स्क्रू ड्रायव्हर कधी धरला नव्हता. पण ते घड्याळ कुठल्याही कारागिराकडे न्यायची मला भीती वाटत होती. तो उघडणार, आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणणार, "साहेब, हे तर डुप्लिकेट आहे." म्हणून मी घरीच शिकायचं ठरवलं. छंद वगैरे काही नव्हतं हो, नुसतं भय होतं.

भिंग, दोन चिमटे, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, रबरी फुंकणी आणि पांढरं पेट्रोल. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद आणि भोवती टॉवेलची गुंडाळी, म्हणजे उडालेला भाग खाली जाऊ नये. पहिल्या दिवशी मागचं झाकण काढलं आणि दोन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी की आतल्या मशीनवर एचएमटी कोरलेलं होतं. वर जपान, आत बंगळूर! एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने, त्यामुळे त्या घराण्याच्या मशीनवर असली डायल बसवणं नकलाकाराला फारसं जड गेलं नसावं. कुणाचं तरी जुनं घड्याळ मोडून त्याला नवा मुखवटा चढवलेला. म्हणजे वर्गाने हात वर करून जे ठरवलं होतं, तेच मी आणलं होतं, फक्त खोट्या नावाने आणि चोरीच्या हिशेबात.

दुसरी गोष्ट मी थोड्या वेळाने सांगतो.

सरांच्या घड्याळाला थेट हात लावायची हिंमत नव्हती. चोरबाजारातून तीन मेलेली 'जनता' आणली आणि त्यांच्यावर शिकलो. पहिल्याचा तर मी खूनच केला. मेनस्प्रिंगचा ताण सोडायचा असतो, मगच पॅलेट काढायचं. मी चावी भरलेली असतानाच पॅलेट उचललं. सगळी चाकं भर्रकन फिरली आणि एका चाकाचा दात गेला. दुसऱ्यात तेल इतकं घातलं की ते तळल्यासारखं दिसत होतं. तेल माणकाच्या वाटीत टाचणीच्या टोकाएवढं घालायचं असतं, आणि पॅलेटच्या टोकांना तर घालायचंच नसतं, हे नंतर कळलं. तिसरं मात्र चाललं. बॅलन्स एकदम थरथरला आणि टिकटिक सुरू झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी बायकोला उठवलं. ती काय म्हणाली ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

मग सरांचं घेतलं. आपल्या खाऱ्या हवेने चावीची दांडी गंजलेली, तेलाचा डिंक झालेला, आणि बॅलन्सचं एक टोक मोडलेलं, म्हणजे कधीतरी ते पडलं असणार. तसलं टोक घरी करता येत नाही. तिसऱ्या 'जनता'चा अख्खा बॅलन्स काढून यात बसवला. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. आता सुटे भाग मिळायचे ते असे, एकाचा जीव घेऊन दुसऱ्याला.

घड्याळ चालू झालं, पण दिवसाला वीस मिनिटं पुढे! नियंत्रकाचा काटा मागे सारून सारून टोकाला नेला तरी पुढेच. आठवडाभर डोकं धरून बसलो, आणि एकदम आठवली आपली आठवीची सहल.

आठवतेय का? रेवदंड्याहून एसटीने अलिबागला, चुंबकीय वेधशाळा बघायला. सरांनी फाटकाबाहेर आपल्याकडून लोखंडाचं सगळं काढून घेतलं होतं, कंपासपेट्यासुद्धा. मग सांगितलं होतं की १८४१ पासून मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील, म्हणून नानाभाई मूस यांनी वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, जुन्या-नव्याचा मेळ बसावा म्हणून. इमारतीत लोखंड वापरलं नाही. मागच्या बाकावर आपण हसत होतो. एवढ्या दूरची ट्राम काट्याला कशी कळणार?

माझ्याही टेबलावर ट्राम होती. एक स्क्रू उडाला तेव्हा तो शोधायला मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक फरशीवर फिरवलं होतं, आणि नंतर ते बॅलन्सच्या शेजारीच ठेवून दिलं होतं. हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक असते. तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. नातवाचं होकायंत्र घड्याळाजवळ धरलं तर सुई थरथरू लागली. मग विजेवर चालणारं एक छोटं वेटोळं आणलं, बटण दाबून घड्याळ त्यातून हळूहळू दूर नेलं. वीस मिनिटांची चूक दहा सेकंदांत गेली. चाळीस वर्षांपूर्वीचा धडा मला असा पास करून गेला.

आता ती दुसरी गोष्ट. घड्याळ उघडणारे कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक सुईने खूण आणि तारीख ओरखडून ठेवतात. भिंगाखाली मला पाच खुणा दिसल्या. पहिली होती ८-८५. ऑगस्ट १९८५. म्हणजे समारंभानंतर सहा महिन्यांत घड्याळ बंद पडलं, सर ते घेऊन कुणाकडे तरी गेले, आणि त्या कारागिराने झाकण उघडल्यावर सरांना सांगितलंच असणार की नाव जपानी असलं तरी आत काय आहे. त्यानंतर आणखी चार वेळा सरांनी स्वतःचे पैसे घालून ते चालू ठेवलं. दरम्यान सर मला कितीतरी वेळा भेटले. माझ्या लग्नालाही आले होते, आणि तेव्हा हातात हेच होतं.

गेल्या रविवारी मी सरांच्या घरी गेलो. आज तुम्हाला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. सरांनी झाकणावरच्या खुणा माझ्या भिंगातून बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, "ते बूट तुला घट्ट होते. परीक्षेच्या दिवशी लंगडत आला होतास."

एवढंच म्हणाले.

३५१ मधले १७१ रुपये आज मी मेळाव्याच्या निधीत भरले आहेत. व्याज किती लावायचं ते गणितातल्या हुशार मंडळींनी ठरवावं, चक्रवाढ असेल तर मला हप्ते द्या. चोरबाजारातल्या 'जनता'ची एक चांगली डायल माझ्याकडे आहे. जपानी नाव काढून ती बसवू का, असं मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, राहू दे, इतकी वर्षं हेच बघून वर्गात गेलो.

सर, घड्याळ घ्या. दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं, त्याहून बारीक मला जमलं नाही. चावी रोज सकाळी एकदाच द्या, घट्ट लागली की थांबा. आणि समुद्रावर फिरायला जाताना घरी ठेवा.