चाकाचा आवाज आणि बसमधल्या बाईचा आवाज

(स्कूल बसमध्ये सहायक म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीतील भाषण)



महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमांनी मुली असलेल्या बसमध्ये स्त्री सहायक सक्तीची केली. काम मिळालं. पण बसबद्दल बोलायचा हक्क? चाकाच्या नटांभोवती गंजाचे ओघळ दिसतात, वळणावर टक्‌टक् आवाज येतो, हे आधी तुम्हालाच कळतं. सांगायला गेलात की उत्तर ठरलेलं : "बाई, तुम्ही मुलं सांभाळा." अहो, मुलंच तर सांभाळतोय!

नट ढिले झाले असतील तर ते गॅरेजचं काम. पण एकाच बनावटीच्या बसगाड्यांचं चाक कारखान्यातूनच सदोष आलं असेल, तर ती कारखानदाराची जबाबदारी. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. अशा गाड्या परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं, खर्च कारखानदाराचा. तक्रार कोणाची? ठरावीक टक्के मालकांची. म्हणजे पुन्हा मालकच! पण त्याच कलमात चाचणी संस्था आणि इतर कोणत्याही मार्गाने आलेली माहितीही धरली आहे. तो मार्ग आपला.

शाळेच्या परिवहन समितीत बसवाल्यांचा प्रतिनिधी असतो, बसमधल्या बाईला जागा नाही. तेव्हा समितीतल्या पालक प्रतिनिधीला गाठा. बसचा नंबर, तारीख, कोणतं चाक, कसला आवाज, एवढं लिहून द्या आणि पोच घ्या. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ. तक्रार केली म्हणून कुणाला कामावरून काढलं, तर त्याच दिवशी आमच्याकडे या.