उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत

(१९८९ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



सकाळपासून मला सहा जणांनी एकच प्रश्न विचारला. "तू मॉरिशसला नक्की करतेस तरी काय?" एकीनं स्वतःच उत्तर दिलं, "हनिमूनला येणाऱ्यांना फिरवत असेल." नाही गं. पण पगाराच्या हिशोबानं ते बरं पडलं असतं.

माझा विषय सांस्कृतिक मानवशास्त्र. जुन्या जागा जपायच्या कामात वास्तुविशारद असतात, इंजिनियर असतात, कागद वाचणारे इतिहासकार असतात. ते दगड, चुना आणि दस्तऐवज बघतात. माझ्या वाट्याला माणसं येतात. या जागेला तुम्ही काय म्हणता, इथं कोण येतं, कधी येतं, ही जागा गेली तर कोणाचं काय जाईल, हे विचारायचं आणि लिहून ठेवायचं. एवढंच काम.

हे आपल्याकडच्या उदाहरणानं सांगते. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीला येते तेव्हा परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरं अंथरतात आणि पालखी त्यावरून जाते. मग मेंढ्यांचं रिंगण होतं. यात जपण्यासारखा दगड कुठला? एकही नाही. धोतरं घरी धुऊन नेतात, मेंढ्या चरायला जातात. तरीही हा वारसा आहे, आणि तो कोणाच्या हाती आहे हे त्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. देवळाला ऑइलपेंट फासला की जीर्णोद्धार झाला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. माझं तिच्याशी कायमचं भांडण आहे, पण ते आज नको. जेवण झालंय, तुम्ही पेंगायला लागाल.

मॉरिशस हा देश किती मोठा? आपले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके जोडले तर ते त्याच्याहून मोठेच भरतील. विमान खाली यायला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, माळेगावलाच उतरतोय की काय. माझी आजी पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायची. तो शब्द या मॉरिशसवरूनच आला आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. तोवर सांगायला आजी राहिली नव्हती.

तिथला ऊस आपल्या माणसांनी लावला. गुलामगिरी संपत आली तशी मळेवाल्यांना मजुरांची गरज पडली आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेऊ लागले. आपण त्यालाच गिरमिट म्हणतो. पहिलं जहाज कलकत्त्याहून २ नोव्हेंबर १८३४ ला पोचलं, त्यात ३६ मजूर होते. पुढच्या साधारण पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या बंदरावर उतरली. बहुतेक बिहारकडची आणि दक्षिणेकडची, पण मुंबई बंदरातून मराठी माणसंही गेली, विशेषतः कोकणातली. त्यांची पतवंडं आज तिथं मराठी म्हणून ओळखली जातात. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. कास्काव्हेल नावाच्या गावात गेलात तर झाकरी बघायला मिळेल. कोकणातली जाखडीच ती, समुद्र ओलांडून गेलेली.

बंदरावर ज्या ठिकाणी या मजुरांना उतरवून घेत, नोंदवत आणि मळ्यांवर वाटून देत, ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. आज तिथं मूळ वास्तूचा थोडासाच भाग उरलाय. काही खोल्या, भिंतींचे पाये, आणि १६ दगडी पायऱ्या. आपल्या नदीवरचा कुठलाही घाट याच्यापेक्षा देखणा आहे. २००६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला तो देखणेपणासाठी दिला नाही. त्या पायऱ्यांवरून कोण चढलं, यासाठी दिला. आणि दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, ल मॉर्न नावाचा एक डोंगर त्या यादीत गेला. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्या डोंगरावर लपून राहत. लोक सांगतात, १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, तर धरायलाच आले असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. डोंगरावर ना किल्ला, ना देऊळ. तिथली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ही लोकांनी सांगत आणलेली गोष्ट.

मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, जहाज. पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही आहेत. रत्नागिरी हे गाव कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. पुष्कळदा बापाचं किंवा आजोबांचं नुसतं नावच पुढं आडनाव होऊन बसलं. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "पोरी, माझं खरं आडनाव शोधून दे." मी चार महिने शोधलं. मिळालं नाही. त्यांना सांगायला गेले तर त्यांनी मलाच चहा पाजला.

आता एक चूक सांगते, माझी स्वतःची.

उसाच्या मळ्यांच्या कडेला तिथं कालीमाईची ठाणी असतात. उघड्यावर, झाडाखाली, एका चौथऱ्यावर सात दगड. एका मळ्यात यंत्रानं ऊस तोडायचा म्हणून रानातले धोंडे काढायचं काम चाललं होतं. मॉरिशसची जमीन ज्वालामुखीची, काळे धोंडे इतके की मजुरांनी पिढ्यान् पिढ्या वेचून उसाच्या मधोमध त्यांच्या टेकड्या रचून ठेवल्यात. काम सुरू व्हायच्या आधी त्या भागातल्या जुन्या जागांची यादी मला करायची होती. एका ठाण्यावर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिथं चिटपाखरू नव्हतं. गवत वाढलेलं, शेंदूर उडालेला. मी रकान्यात लिहिलं, वापरात नाही.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी काठी टेकत माझ्या मुक्कामावर आली. कुठून कळलं तिला, देव जाणे. ती भोजपुरी आणि क्रिओल मिसळून बोलत होती, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. वर्षातून एकदा तिथं पूजा होते. सगळी वस्ती जमते, स्वयंपाक तिथंच होतो. तिचं लग्न ठरलं तेव्हा, मुलगा आजारी पडला तेव्हा, नवरा गेला तेव्हा, ती त्या दगडांपाशी जाऊन आली होती. आणि मी दोन दुपारी बघून लिहिलं, वापरात नाही!

मला लाज वाटली ती मानवशास्त्रज्ञ म्हणून कमी आणि इंदापूर तालुक्यातली मुलगी म्हणून जास्त. आपल्या बांधावरच्या म्हसोबाकडे रोज कोण जातं? मरीआईला आपण आषाढात आठवतो. म्हणून काय ती वापरात नाही? मी यादी दुरुस्त केली, ठाणं राहिलं. पण ती म्हातारी चालू शकत नसती तर? हा विचार मला अजून सोडत नाही.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. आधी जागा बघायची नाही. आधी वस्तीतल्या सगळ्यात वयस्क माणसाकडे बसायचं, जमिनीवर खडे मांडायचे आणि म्हणायचं, हा तुमचा उंबरा. आता इथून विहिरीवर कसं जायचं ते सांगा. माणूस घरापासून विहिरीपर्यंत चालायला लागला की सगळं गाव उभं राहतं. वाटेत कोणाचं घर लागतं, कोणाच्या दारातून जायची सोय नव्हती, कुठं बायका थांबून बोलत, पाणी भरायच्या वेळा जातीजातीच्या कशा वेगळ्या होत्या. जे नकाशात नसतं आणि पुष्कळदा सांगायचंही नसतं, ते बाहेर येतं.

आता आपल्याकडे येते. तुमच्यापैकी निम्म्यांना मी एसटीनं यायची आणि पहिला तास बुडवायची एवढंच आठवत असेल. मी ज्या गावातून यायचे ते नवं गाव होतं. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त ट्रॅक्टर, आणि त्यावर उलटं ठेवलेलं जातं. भीमेचा काठ, मळईची काळी जमीन, वाळूतली कलिंगडं, हे सगळं मी ऐकलेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्यानं आपल्याकडे कारखाने चालले, ऊस आला, पोरं शिकली, मीही शिकले. मी त्या धरणाविरुद्ध बोलायला उभी नाही. भिगवणला अग्निपंख बघायला आता मुंबईहून गाड्या येतात, तेही चांगलंच आहे.

२०२४ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर आले होते. उजनी तळाला गेली होती आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं होतं. तुम्ही बरेच जण जाऊन आलात, तुमचे फोटो मी बघितलेत. देव कधीच वर नव्या गावात आलेत, पण जुनं शिखर, दगडी खांब, वीरगळ, सगळं इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं. माझे चुलते सोबत होते, वय ऐंशीच्या पुढं. सगळे देवळाकडे मोबाइल धरून उभे, आणि चुलते देवळाकडे पाठ करून खालच्या अंगाला बघत होते. तिकडं काहीच नव्हतं. भेगाळलेला गाळ, आणि पाणी हटलं तशी कोणी केलेली गाळपेर. ते म्हणाले, "आपलं गाव तिकडं. तो बाभळीचा बुंधा दिसतोय ना, तिथनं वीस पावलांवर आपला उंबरा."

मी वीस वर्षं परक्या माणसांच्या आज्यांना विचारतेय, तुमचा उंबरा कुठं होता. माझी आजी १९९८ पर्यंत होती. नव्या गावातल्या पत्र्याच्या ओसरीत बसून ती रोज संध्याकाळी जुन्या घरांची नावं घेत बसायची, आणि आम्ही म्हणायचो, आजी, टीव्हीचा आवाज येत नाही. मी तिला एकदाही विचारलं नाही. तिच्या आवाजाची एक ओळ माझ्याकडे नाही.

त्या देवळाची काळजी घेणारं कोणीतरी निघेल. दगड दिसतो, बातमी होते, अभ्यासक येतात. गावांचं तसं नाही. कोयनेमुळे उठलेल्या माणसांची पाहणी इरावतीबाई कर्वे आणि आपल्या शेजारच्या फलटणच्या जाई निंबकर यांनी केली होती, डेक्कन कॉलेजनं ती १९६९ मध्ये छापली. कोण कुठं गेलं, काय मिळालं, काय तुटलं, हे तिथं लिहिलेलं आहे. आपल्या काठासाठीही घरोघर बसून तसंच करायला हवं, आणि वेळ फार नाही. ज्यांनी जुन्या गावात संसार केला ते आता चुलत्यांच्या वयाचे आहेत.

म्हणून मी भाषण करायला तयार झाले, खरं सांगते. या वर्गात उठलेल्या गावांतले आपण किती जण आहोत ते मी सकाळी मोजलं. चौदा. चौदा जणांपैकी नऊ जणांची आई किंवा वडील अजून आहेत. मला त्यांच्याकडे बसायचंय. दोन तास, एका चहावर. त्यांना कागद-पेन्सिल द्यायची गरज नाही, खडे मी आणते. घरात जुना सातबारा असेल, वाटपाची कागदं असतील, लग्नातला फोटो असेल ज्यात मागं घर दिसतंय, तर काढून ठेवा. आणि शेतांची नावं विचारा. गावाचं नाव नव्या पाटीवर तरी आलं, शेतांची नावं कुठंच आली नाहीत. एक सूचना मात्र आहे. ते बोलत असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही. "अहो, तसं नव्हतं ते," असं मुलांनी म्हटलं की म्हातारी माणसं गप्प बसतात. मी दोन्ही देशांत बघितलंय.

चुलत्यांबरोबर मी सुरुवात केलीय. तीन दुपारी बसलो. एकतीस घरं लागली, पार लागला, तालीम लागली, नदीकडं उतरणारी वाट लागली. विहिरीच्या उजव्या हाताला एक घर आहे, दोन खणांचं, दारात शेवगा. चुलत्यांना शेवगा आठवतो, त्या घरातली बाई सणाला सगळ्यांना शेंगा वाटायची हे आठवतं, तिचं नाव आठवत नाही. मी शुक्रवारपर्यंत इथं आहे. कोणाच्या आईला ते नाव ठाऊक असेल तर मला आज रात्रीच सांगा, कितीही वाजले तरी चालेल.