फुंकरीवर वळणारी बोट
2014 साली मुंबईहून ओमानकडे एक शिडाची बोट निघाली. तिच्यावरच्या ब्रिटनच्या हिलरी लिस्टर यांना मानेखाली हालचालच करता येत नव्हती. सोबतीला ओमानच्या नश्वा अल् किंदी. लिस्टर यांच्या तोंडाशी नळ्या असत. फुंकर मारली की बोट एका बाजूला वळे, हवा आत ओढली की दुसऱ्या. शीड ताणणं, सैल सोडणं, तेही तसंच. याच युक्तीनं 2009मध्ये त्यांनी टप्प्याटप्प्यानं एकट्यानं ब्रिटनला प्रदक्षिणा घातली होती. शिडाला ताकदीपेक्षा वाऱ्याची जाण लागते, म्हणून हे जमतं. तरीही 2016च्या रिओ स्पर्धेनंतर शिडाचं नौकानयन पॅरालिम्पिकमधून वगळलं गेलं, हे खटकतंच. आपल्याकडे तर दिव्यांगांना अडचण बहुधा पाण्याआधीच येते: धक्क्याच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, व्हीलचेअर वरच अडते. उतरता रॅम्प आणि माणसाला अलगद बोटीत सोडणारा पट्ट्यांचा झोळा, एवढ्यावर पुष्कळ भागेल.